शाकारणी थांबली तेव्हा : वसईची मात्रिज आणि फामागुस्ताचे कॅथीड्रल

वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफच्या पडक्या चर्चसमोर आलेला पर्यटक बहुधा एकच प्रश्न विचारतो : हे कोणी पाडले? उत्तर तयार असते. कोणी अभिमानाने सांगतो, ‘मराठ्यांनी.’ कोणी तेच उत्तर खंत करून देतो. दोघांचे उत्तर एक आणि माझ्या मते दोघांचेही अपुरे. छप्पर नसलेली इमारत पाहिली की कोणीतरी ती पाडली असणार, असे आपण धरून चालतो. पण कोकणात घर पडायला शत्रू लागत नाही. दोन पावसाळे शाकारणी झाली नाही तरी पुरते. या लेखात मला त्या शाकारणीचा माग काढायचा आहे. तो काढताना वसईहून सायप्रस बेटापर्यंत जावे लागेल आणि तिथून बोरिवलीला परत यावे लागेल.

आधी एक नाव नीट करून घेऊ. सेंट जोसेफच्या चर्चला पुष्कळ जण ‘वसईचे जुने कॅथीड्रल’ म्हणतात. कॅथीड्रल म्हणजे जिथे बिशपचे आसन असते ते चर्च. पोर्तुगीज वसईत बिशप नव्हता. इथला कारभार गोव्याच्या महाधर्मप्रांताकडे होता. सेंट जोसेफचे चर्च ‘मात्रिज’ होते, म्हणजे शहराच्या धर्मग्रामाचे मुख्य चर्च. १५४६ च्या सुमारास ते उभे राहिले आणि पुढे मोठे करण्यात आले. १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो दे मेनेझिस यांच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाल्याचे तिथल्या शिलालेखात नोंदवले होते. वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला तो १९९८ साली आणि त्याचे कॅथीड्रल झाले पापडीचे चर्च, जे किल्ल्याच्या बाहेर गावात आहे. शहर ओस पडले आणि आसन गावाकडे गेले, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होईल.

१७३९ मध्ये काय झाले, काय झाले नाही

गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षे हे त्यांचे ‘उत्तरेचे’ मुख्य ठाणे राहिले. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टीनियन अशा धर्मसंघांचे मठ आणि चर्च उभे राहिले. याच काळात वसई आणि साष्टीतली देवळे मोडली गेली. काही जागांवर चर्च आले. निर्मळची शंकराचार्यांच्या समाधीची जागा आणि तिथली कार्तिकातली जत्रा आज आपण ओळखतो ती पुन्हा उभी राहिलेली आहे. वज्रेश्वरीची मूळ जागाही पोर्तुगीज काळातच उद्ध्वस्त झाल्याची परंपरा आहे. हे सांगितल्याशिवाय १७३९ ची गोष्ट सुरू करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. सुरुंग लागले ते तटाच्या बुरुजांखाली. शरणागतीच्या अटी ठरल्या. पोर्तुगीज सैन्य आणि त्यांची कुटुंबे मानाने बाहेर पडली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक करारात होती.

जिंकलेल्या शहरातल्या एवढ्या मोठ्या चर्चचे काय करायचे, या प्रश्नाला इतिहासात दोन सरळ उत्तरे आढळतात : पाडा, नाहीतर आपल्या देवासाठी वापरा. मराठ्यांनी मोठ्या प्रमाणावर दोन्ही केले नाही. चिमाजी आप्पांचा नवस फेडण्यासाठी सुभेदार शंकर केशव फडके यांनी वज्रेश्वरीचे देऊळ बांधले, ते किल्ल्यापासून दूर, तानसा नदीच्या खोऱ्यात. बावन्न पायऱ्या चढून जाताना त्याचे तटबंदीसारखे रूप पाहिले की वसईचा किल्ला आठवतो. किल्ल्याच्या आतही देवळे आली. पण मात्रिजच्या वेदीवर कोणी लिंग बसवले नाही आणि फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये कोणी सभामंडप केला नाही. विजयाची खूण म्हणून घंटा मात्र गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, वाईजवळच्या मेणवलीतला नाना फडणविसांचा घाट, भीमाशंकर इथल्या मोठ्या घंटा वसईच्या मोहिमेतल्या म्हणून ओळखल्या जातात.

मग मनोरे आणि छपरे कुठे गेली? इथे इतिहासापेक्षा गवंडीकाम जास्त सांगते. वसईच्या बहुतेक चर्चमध्ये वेदीवरच्या भागाला दगडी कमान असे, पण लोक बसत त्या लांब दालनावर लाकडी आढी आणि कौले असत. वसईत चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कौलारू घराची शाकारणी दर वर्षी मृगाआधी करायची असते : फुटके कौल बदलायचे, सरकलेले बसवायचे, वासा कुजला असेल तर काढायचा. एक वर्ष ती चुकली की पाणी आढ्यावरून भिंतीच्या माथ्यावर उतरते. दोन दगडांमधला चुना विरघळतो. त्या फटीत पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे नाहीतर वडाचे बी पडते. पुढची दहा वर्षे मूळ पाचरीसारखे काम करते. आढी कोसळली की भिंतींना आतून धरणारे काही उरत नाही. सुटे झालेले लाकूड आणि घडीव दगड लोक नेतात, कारण मालक नसलेल्या मालाला सगळेच मालक. डॉ. जे. गर्सन दा कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या अवशेषांवरचा आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना वर्णन करावे लागले ते भग्न शहराचेच.

म्हणजे १७३९ ने वसईच्या चर्चमधून गावकरी काढून घेतले. बाकीचे काम पावसाने केले. पण हा निव्वळ तर्क झाला. तो तपासायचा तर वसईसारखेच एक शहर हवे : समुद्रकाठचे, तटबंदीचे, चर्चने भरलेले, वेढा पडून शरण गेलेले, फक्त तिथे विजेत्यांनी मुख्य चर्च आपल्या प्रार्थनेसाठी घेतलेले असावे. असे शहर आहे.

फामागुस्ता

भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर फामागुस्ता हे बंदर आहे. तिथे लुझिन्याँ या फ्रेंच घराण्याच्या राजांनी १३०० च्या सुमारास सेंट निकोलसचे कॅथीड्रल बांधायला घेतले. उंच टोकदार कमानी, दोन मनोरे, मोठी गोल खिडकी अशी ती उत्तर फ्रान्समधल्या गॉथिक घडणीची इमारत आहे. इथे राजांना ‘जेरुसलेमचा राजा’ म्हणून मुकुट घालत. पुढे १४८९ मध्ये बेट व्हेनिसकडे गेले.

१५७०-७१ मध्ये उस्मानी तुर्कांनी बेटावर स्वारी केली. त्याच महिन्यांत इकडे मुर्तजा निजामशहाने चौलला आणि आदिलशहाने गोव्याला वेढा घातला होता, हे मराठी वाचकाला काळाचे भान देण्यासाठी सांगतो. चौल टिकले. फामागुस्ता जवळजवळ वर्षभर झुंजून ऑगस्ट १५७१ मध्ये शरण गेले. शरण आलेला व्हेनिसचा सेनानी ब्रागादिन याला हालहाल करून मारण्यात आले. हा विजय सौम्य नव्हता.

तोफांच्या माऱ्याने कॅथीड्रलच्या मनोऱ्यांचे शेंडे उडाले होते. त्या जखमी अवस्थेतच ते मशीद झाले. वेदी, मूर्ती, चित्रे, रंगीत काचा गेल्या. डावीकडच्या भग्न मनोऱ्यावर एक मिनार चढला. चर्चचे तोंड पश्चिमेला आणि वेदी पूर्वेला, पण सायप्रसहून मक्का दक्षिण-आग्नेयेला. म्हणून मेहराब दक्षिणेच्या बाजूला आला आणि नमाजाच्या रांगा इमारतीच्या अक्षाला तिरप्या पडल्या. इमारत एका दिशेला पाहते आणि आतली माणसे दुसऱ्या दिशेला. पण तिचे दगडी छत शाबूत आहे, कमानी उभ्या आहेत आणि आत नमाज होतो. सेनापती लाला मुस्तफा पाशाचे नाव तिला विसाव्या शतकात मिळाले.

आता तिच्या आसपास पाहू. जवळच ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचे सेंट जॉर्जचे चर्च आहे. त्यालाही तोफा लागल्या, पण ते कोणी वापरात घेतले नाही. आज त्याच्या भिंतींवर गोळ्यांचे खड्डे दिसतात आणि वर आकाश. सेंट पीटर आणि सेंट पॉलचे चर्च मात्र मशीद झाले, पुढे गव्हाचे कोठार झाले. तुर्कीत त्याचे नावच ‘गव्हाची मशीद’ असे पडले. तेही उभे आहे. तटाच्या आतल्या बाकीच्या कित्येक चर्चचे आज फक्त कोपरे आणि अर्ध्या कमानी उरल्या आहेत. कारण सरळ होते. विजयानंतर ख्रिस्ती लोकांना तटाच्या आत राहायला बंदी झाली. ते बाहेर, पुढे वरोशा म्हणून वाढलेल्या वस्तीत गेले. चर्च आत राहिले, गावकरी बाहेर.

एकाच शहरात, एकाच वेढ्यानंतर, एकाच विजेत्याच्या हाताखाली ज्या वास्तूत माणसे येत राहिली ती उभी राहिली आणि जिथली माणसे गेली ती कोसळली. नमाजासाठी येवोत, की गव्हाची पोती ठेवायला.

विजेता नसतानाही

यावर आक्षेप येईल की तोफा आणि धर्मयुद्धे मधे आली की काहीच सिद्ध होत नाही. म्हणून युद्ध नसलेले उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्या किनाऱ्यावरचे. जुन्या गोव्यात ऑगस्टीनियन संघाचे भव्य चर्च सतराव्या शतकाच्या आरंभी पुरे झाले. तिथे मराठे जिंकायला आले नाहीत, तुर्क आले नाहीत. पोर्तुगालमधल्याच सरकारने धर्मसंघ बंद केले आणि १८३५ मध्ये ते चर्च सोडून द्यावे लागले. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. आज उभा आहे तो ४६ मीटर उंचीचा एक सुळका. कॅथलिक राज्यात, कॅथलिक सरकारच्या हुकमाने, सात वर्षांत छत खाली.

त्याच जुन्या गोव्यात बॉम जेझूचे चर्च मात्र भरलेले राहिले. त्याच्या दर्शनी भागातला काळा घडीव दगड वसईहून नेलेला आहे. वसईच्या खाणीतला दगड गोव्यात उभा आणि वसईच्या किल्ल्यात आडवा. दगडात फरक नव्हता.

उलट बाजूचे उदाहरणही हवे, कारण नुसता देव बदलला म्हणजे वास्तू वाचली असे होत नाही. आर्मेनियाच्या जुन्या राजधानीत, आनी शहरात, त्रदात नावाच्या वास्तुविशारदाने १००१ मध्ये कॅथीड्रल पुरे केले. १०६४ मध्ये सेल्जुक तुर्कांनी शहर जिंकले आणि त्याची मशीद झाली. ११२४ मध्ये जॉर्जियनांनी शहर घेतल्यावर पुन्हा चर्च झाले. १३१९ च्या भूकंपात घुमट पडला. तोवर व्यापार आटू लागला होता आणि पुढे शहरच ओस पडले. घुमट परत बांधणारे कोणी राहिले नाही. आज ते तुर्कस्तानच्या सीमेवर माळरानात उभे असलेले अवशेष आहेत. दोनदा देव बदलूनही वाचवू शकली असती ती वस्ती, आणि तीच गेली.

तटाबाहेरची चर्च

वसईत या म्हणण्याचा सर्वांत चांगला पुरावा किल्ल्याच्या आत नाही, बाहेर आहे. तटाच्या आत मुख्यतः पोर्तुगीज कुटुंबे, अधिकारी आणि धर्मसंघ राहत. ते १७३९ मध्ये गेले. पण पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी या गावांतला ख्रिस्ती शेतकरी कुठे जाणार? त्याची केळीची बाग, विहीर, रहाट इथेच. ही गावे सोळाव्या शतकापासून चर्चची गावे आहेत. सत्ता बदलली, चर्चना झळ बसली, इमारती पुढे दुरुस्त झाल्या, काही नव्याने बांधल्या. पण मिस्सा थांबली नाही. लोक घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलत राहिले, लग्नात जुनी गाणी म्हणत राहिले आणि पावसाळ्यापूर्वी चर्चची कौले चढून पाहत राहिले. राजाश्रय असलेली मात्रिज गेली. राजाश्रय संपलेली गावची चर्च राहिली. बिशपचे आसन पापडीला येण्यामागे हीच अडीचशे वर्षांची शाकारणी आहे.

किल्ल्याच्या आतही जिथे माणसांचा पाय लागतो तिथे वेगळे चित्र दिसते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांचा सण किल्ल्यातल्या जेझुइट चर्चमध्ये होतो. नागेश्वराच्या देवळात दिवा लागतो. या दोन जागांच्या आसपासचे गवत आणि बाकीच्या चर्चमधले गवत यांत फरक आहे. गेली वीस-बावीस वर्षे मी मे अखेरीस विरारहून जाऊन भिंतींच्या माथ्यावरची पिंपळाची रोपे मोजत आलो आहे. तो फरक मला वहीत दिसतो.

मंडपेश्वर

मग देव बदलणे चांगलेच, असा अर्थ कोणी काढेल. तो मला मान्य नाही, आणि का ते बोरिवलीच्या मंडपेश्वराकडे पाहिले की कळते. दहिसर नदीजवळचे हे शैव लेणे पोर्तुगीजांच्या हजार-एक वर्षे आधीचे. नटराज, लकुलीश, शिवाचे लग्न अशी शिल्पे त्यात आहेत. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो यांनी लेण्याचे चर्च केले आणि वर टेकडीवर मठ आणि विद्यालय उभे राहिले. मराठ्यांच्या विजयानंतर ते पुन्हा शिवाकडे आले. इंग्रजी काळात ख्रिस्ती उपासनेसाठी वापरले गेले. आज लेण्यात लिंगाची पूजा होते, टेकडीवर मठाच्या भिंती बिनछपराच्या आहेत आणि ख्रिस्ती वस्तीचे चर्च शेजारी नव्याने उभे आहे.

लेण्याच्या एका भिंतीवर मोठा क्रूस कोरलेला आहे. तो कोऱ्या दगडावर कोरलेला नाही. आधीच्या शिल्पाच्या जागी आहे. तिथे जे होते ते कायमचे गेले. वापराने छत वाचते, पण वापरणारा नको असलेले पुसतो. फामागुस्ताच्या रंगीत काचा अशाच गेल्या. दौलताबादच्या जामी मशिदीत, जी कुतुबुद्दीन मुबारक खलजीने १३१८ मध्ये बांधली, देवळांचे खांब उभे आहेत आणि देवळे नाहीत. १९४८ नंतर तिथे भारतमातेची मूर्ती आली आणि पुन्हा एक थर चढला. यातल्या प्रत्येक वेळी कोणाचे तरी पवित्र काही हिरावले गेले. भिंती टिकल्या म्हणून ते दुःख खोटे ठरत नाही.

म्हणून मला हिशेब दोन रकान्यांत मांडावासा वाटतो. एका रकान्यात कोणी काय हिरावले. तो निर्भीडपणे लिहावा, पोर्तुगीजांचा, सुलतानांचा, मराठ्यांचाही. दुसऱ्यात कोणी काय सांभाळले. पहिला रकाना आपल्याकडे तोंडपाठ आहे. फोनवर रोज फिरतो. दुसरा कोरा आहे, कारण शाकारणी करणाऱ्याचा शिलालेख कोणी लिहीत नाही.

आता काय

हा प्रश्न आज विचारायला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्यातले बहुसंख्य गेल्या तीस-चाळीस वर्षांत आलेले. किल्ला त्यांना लग्नाआधीच्या फोटोंची जागा म्हणून माहीत आहे. तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, पण संरक्षण आणि शेजार या वेगळ्या गोष्टी आहेत. मधूनमधून एखादी मागणी उठते की अमुक जागा मूळची आमची, ती परत द्या. दगडांचे थर मोजत गेलो तर किनाऱ्यावरची एकही जागा एकाच हाताची निघणार नाही.

मालकीचा वाद कोर्टात चालू द्यावा. पिंपळ त्यासाठी थांबत नाही. खात्याच्या परवानगीने आणि देखरेखीखाली दर वर्षी मेमध्ये भिंतींच्या माथ्यावरची रोपे मुळासकट काढण्याचे काम गावांनी वाटून घेता येईल. पापडीचे तरुण आहेत, नागेश्वराला येणारे आहेत, कोळीवाड्यातले आहेत, विरारच्या शाळा आहेत. मात्रिजच्या दारात मराठीत एक फलक लागावा. त्यावर १५४६, १६०१ आणि १७३९ असावे. त्याआधी मोडलेल्या देवळांचा उल्लेख असावा. आणि इथली घंटा गेली असे सांगताना तशा घंटा कोणत्या देवळांत वाजतात तेही असावे.

कारण त्या घंटांचीही गोष्ट तीच आहे. ओतल्या त्या मिस्सेसाठी. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. चर्चच्या मनोऱ्यात राहिल्या असत्या तर मनोऱ्याबरोबर खाली आल्या असत्या. त्या लुटून नेल्या हे खरे, आणि नेल्यामुळे वाजत्या राहिल्या हेही खरे. मात्रिजच्या भिंतींना असे दुसरे घर मिळणार नाही. त्यांना इथेच उभे राहायचे आहे, आणि पावसाळा दर वर्षी जूनमध्ये येतो.